धारोष्ण क्रांती आणि हिरवं पातळ

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला गावात कुणी विचारत नाही. गणिताच्या मास्तराकडे पोरं शिकवणीला येतात, इंग्रजीच्या मास्तराकडे लग्नपत्रिका तपासायला येतात, भूगोलवाल्याला निदान पाऊस कधी पडणार एवढं तरी लोक विचारतात. मला आयुष्यात एकच प्रश्न भेटला आणि तोही मीच काढलेला: ‘फॅसिझमची वैचारिक मुळे स्पष्ट करा.’ त्यावर पोरं लिहायची, ‘फॅसिझमची मुळे फार खोल आहेत.’ एवढ्यावर उत्तर संपायचं. मी अर्धा गुण द्यायचो, कारण ते खोटं नव्हतं.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. पण हा विषय आमच्या दुधाच्या कट्ट्यावर माझ्याआधी जाऊन बसला होता.

आमच्या पेठेत संध्याकाळी म्हशी येतात. कट्ट्याला बांधतात, आपण गिलास पुढे करायचा, त्यात थेट धार पडते आणि गिलास वरपर्यंत फेसाळला की तिथंच उभ्या उभ्या संपवायचा. याला धारोष्ण म्हणतात. मिशीला फेस लागला नाही तर दूध प्याला असं इथं कुणी धरत नाही. बायका याला नुसतं हसतात, कारण घरी तापवलेलं दूध प्यायला हीच माणसं नाक मुरडतात.

कट्ट्याचा धनी म्हणजे पैलवान. एके काळी लाल मातीत त्यानं नाव काढलं होतं, आता तीन म्हशी आणि एक पोट सांभाळतो. मन लोण्याचं, आवाज मात्र डॉल्बीचा. धार काढायला बसताना तो एक विटलेलं हिरवं पातळ खांद्यावरून गुंडाळून घ्यायचा, आणि काम झालं की मागच्या भिंतीतल्या लाकडी खुंटीला दाव्याबरोबर अडकवून ठेवायचा. ते पातळ कशाला, हे आम्ही कधी विचारलं नाही. जुनेर फडक्याला घेतलं असेल म्हणून सोडून दिलं.

त्या कट्ट्याच्या टोकाच्या दगडावर माझा मित्र बसायचा. गणिताचे सर. आम्ही एकाच कॉलेजात, स्टाफरूममध्ये एकाच टेबलाला समोरासमोर आयुष्य काढलं. त्याची बायको गेली, मुलगी पुण्याला, त्यामुळे संध्याकाळचा तो दगड हेच त्याचं गणगोत. गंमत अशी की दुधाच्या कट्ट्यावर रोज बसणाऱ्या या माणसाला दूध अजिबात पचत नाही. ‘दूध प्यालं की माझ्या पोटात मिरवणूक निघती,’ असं तो सांगायचा, ‘आणि ती विसर्जनाबिगर थांबत न्हाय.’ म्हणून तो समोरच्या गाडीवरून कोरा चहा मागवायचा. आमच्या हातात गिलास, त्याच्या हातात कप. वर्षानुवर्षं यात कुणाला काही खटकलं नव्हतं.

खटकलं ते गेल्या वर्षी, आणि तेही एका उनाड संध्याकाळी. तीन कॉलेजकुमार मोटरसायकलवरून आले, कट्ट्यासमोर थांबले आणि म्हशींकडे पाठ करून गाडीवर चहा प्याले. पैलवानाच्या काळजाला ते लागलं. तो धार काढता काढता ओरडला, “ह्या च्यानं वाटोळं केलं बगा कोल्हापूरचं!”

आता असं वाक्य कोल्हापुरात दिवसाला शंभर वेळा कुणीतरी कशाबद्दल तरी म्हणतं आणि ते वाऱ्यावर जातं. पण त्या दिवशी कट्ट्यावर नेमकी चार डोकी हजर होती.

पहिले सुभेदार. लष्करातून निवृत्त. त्यांच्या मते चहानं शिस्त गेली. सकाळी उठल्या उठल्या माणूस लोळत चहा मागतो, तिथंच देशाची कवायत बिघडते. मी विचारलं, “सुभेदार, फौजेत तर मगभर चहा असतोय की?” त्यांनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. “तिथं हुकूम असतोय, सर.”

दुसरे कॉम्रेड. उद्यमनगरच्या फौंड्र्यांमध्ये यांनी एके काळी युनियन चालवली. त्यांच्या मते चहा गोऱ्या साहेबानं मळे लावून आपल्या गळ्यात मारला, मजुरांचं रक्त त्यात उकळलंय, तेव्हा चहा टाकणं ही खरी साम्राज्यशाहीविरोधी लढाई. तिसरे शेठ, अशाच एका फौंड्रीचे मालक. त्यांच्या मते कामगार दिवसातून पाच वेळा चहाला जातात आणि भट्टी थंड पडते. याच शेठच्या दारात चहाच्या सुट्टीसाठी कॉम्रेडनी एकदा उपोषण केलं होतं. आज दोघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होते.

चौथा कवी. वय बावन्न, पण स्वतःला तरुण पिढी म्हणवतो आणि सायलेन्सर काढलेली बुलेट फिरवतो. तो म्हणाला, “चहा बसून पितात, दूध उभं राहून. बसलेला समाज आणि उभा समाज, एवढाच खरा झगडा आहे.” हे ऐकून सगळे एकदम उभे राहिले. तसे ते आधीपासून उभेच होते, पण आता कळून उभे राहिले.

मी तिथंच ओळखायला हवं होतं, असं माझी बायको म्हणते. पण मला तर नुसती मजा वाटत होती. पाच माणसं, पाच कारणं, एका कारणाचा दुसऱ्याशी संबंध नाही, उलट एक खरं असेल तर दुसरं खोटं. एकमत फक्त शत्रूवर. आयुष्यभर फळ्यावर लिहून जे पोरांच्या गळी उतरलं नाही, ते पैलवानाच्या म्हशीच्या साक्षीनं समोर घडत होतं.

पुढच्याच आठवड्यात पेठेच्या तालीम मंडळानं वार्षिक व्याख्यानमाला ठेवली. ठरलेले पाहुणे वक्ते आलेच नाहीत. जयसिंगपूरहून निघाले आणि वाटेत कुणाच्या तरी साखरपुड्याला जेवून झोपले असं कळलं. मग ऐन वेळी मला उभं केलं. मला वाटलं, संधी आहे, विनोदानं का होईना पण सावध करावं. मी विषय निवडला: फॅसिझम कुठून आला.

मी म्हणालो, इटलीत ही चळवळ जन्मली तेव्हा तिचं एकच एक तत्त्वज्ञान असं नव्हतं. महायुद्धातून परतलेले, घरी करमेनासे झालेले सैनिक होते. समाजवादाशी भांडून बाहेर पडलेले आणि संपाच्या ताकदीवर अजून भाळलेले युनियनवाले होते. यंत्र, वेग आणि युद्ध यांच्या प्रेमात पडून संग्रहालयं पाडा म्हणणारे कवी आणि चित्रकार होते. जुन्या साम्राज्याची स्वप्नं पाहणारे राष्ट्रवादी होते. आणि संपाला घाबरलेले जमीनदार व कारखानदार पैसा घेऊन मागे उभे होते. यांचं आपसात कशावरही जमत नव्हतं, जमलं ते मारायचं कुणाला यावर. मग सगळ्यांनी एका रंगाचा शर्ट घातला आणि सगळे एक आहेत असं दिसायला लागलं. विरोधकाला धरून हे लोक बळंच एरंडेल पाजायचे, म्हणजे चार माणसांत त्याची फजिती व्हावी.

सभागृह इतकं शांत माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं. मला भरून आलं. लोक ऐकत होते! सुभेदार तर मान डोलवत होते. भाषण संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, “एरंडेल चांगलंच की, सर. पोट साफ हुतंय.”

मग पैलवान आला. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून असा हलवला की खांदा दोन दिवस दुखला. “सर, नाद खुळा बोलला! आता मला सांगा, फौजी पायजे, सुभेदार हायत. युनियनवाला पायजे, कॉम्रेड हायत. कवी हाय. पैशेवाला शेठ हाय. म्हंजे आपल्यात सगळं हाय की! कमी काय हाय?”

“शर्ट,” कवी म्हणाला.

“अरे, मी तुम्हाला सावध करत होतो!” मी ओरडलो.

“व्हय की,” पैलवान म्हणाला. “आता सावधच झालोय आमी.”

घरी येऊन मी डोकं धरून बसलो. बायको भाकरी थापत होती, ती मागं न बघता म्हणाली, “चला, तुमच्या भाषणाचा एकदाचा कुणावर तरी परिणाम झाला.”

शर्ट आठ दिवसांत आले. शेठनी छापून घेतले. पांढरे टी-शर्ट, छातीवर म्हशीचं तोंड आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ‘शुद्ध’. म्हशीच्या आसपास पांढरे कपडे घालून वावरायचं ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्यानं म्हैस चित्रातच पाहिली असणार. तिन्ही म्हशींनी शेपटीच्या एकेका फटक्यात संघटनेचं रूप बदलून टाकलं. पण पैलवानाचा उत्साह ढळला नाही. ‘धारोष्ण दल’ असं नाव ठरलं. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पाचही जणांचे हसरे चेहरे, मध्ये म्हैस, आणि ‘चहामुक्त कोल्हापूर!’ फ्लेक्सवरची म्हैस मात्र पंजाबातली होती, इंटरनेटवरून घेतलेली. कॉम्रेडनी त्यावर आक्षेप घेतला तेव्हा सुभेदार म्हणाले, देश एकच आहे.

मग सलाम ठरला. उजवा हात सरळ पुढे वर, हातात भरलेला गिलास. सुभेदारांनी रोज संध्याकाळी कवायत घ्यायला सुरुवात केली. हात ताठ वर गेला की निम्मं दूध कोपरावरून बाहीत आणि बाहीतून काखेत जायचं. कट्ट्यावर एक आंबूस वास कायमचा वस्तीला आला. कवीनं दलाचं गीत लिहिलं, त्यात ‘धार’ आणि ‘तलवार’ हे यमक चौदा वेळा आलं होतं. गीत म्हणताना तो बुलेट चालू ठेवायचा, ताल म्हणून.

हे सगळं मला आवडत होतं, हे लपवून काय करू? टोकाच्या दगडावर मी आणि मित्र बसायचो आणि हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. तो चहाचा घोट घेऊन सलाम ठोकायचा, मी गिलास घेऊन. पैलवान लांबून डोळे वटारायचा आणि स्वतःच हसायचा.

चळवळीला पहिली अडचण आली ती मात्र विचारांची नव्हती. सकाळचा चहा बंद झाल्यावर दलाच्या पोटाचं वेळापत्रक कोलमडलं. चहाशिवाय ज्यांचं सकाळचं काम होत नाही अशी माणसं पेठेत बहुसंख्य निघाली. सुभेदार चार-चार दिवस पडेल चेहऱ्यानं कवायत घ्यायचे. कॉम्रेड मला हळूच म्हणाले, “क्रांतीत थोडा त्रास व्हायचाच.” कवीचं गीत तर पुढं सरकतच नव्हतं, त्यालाही तेच कारण असावं. घरोघरच्या बायका भाजी घेताना एकमेकींना नवऱ्यांचे हालहवाल सांगायच्या, आणि आमच्याकडे संध्याकाळी त्याची बातमीपत्रासारखी उजळणी व्हायची.

पण माणसाचं पोट तटलं की त्याचं डोकं भडकतं. आधी जे लुटुपुटीचं होतं त्याला हळूहळू धार यायला लागली. कोण चोरून चहा पितो याची टेहळणी सुरू झाली. मोबाइलवरच्या ग्रुपात फोटो पडायला लागले: अमका तमक्या टपरीवर, हातात कप. कुणीतरी लिहिलं, ‘ज्याच्या पोटात शुद्ध टिकत नाही त्याचं रक्तच तपासलं पाहिजे.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी तो मजकूर दोनदा वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला.

मग फतवा निघाला की येत्या रविवारी संध्याकाळी सगळ्या पेठेसमोर शपथविधी होणार. कट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येकानं एक भरला गिलास एका दमात रिकामा करायचा. फोटो निघणार, ड्रोन फिरणार.

त्याच संध्याकाळी कॉम्रेड दगडापाशी आले आणि मित्राला म्हणाले, “गणिताचं सर, तुमचं बी नाव घातलंय बरं का.”

मित्र हसला. “मला दूध म्हंजे एरंडेलच, कॉम्रेड. पाजा की, पण मग ड्रोन लांब ठेवा.”

एरवी यावर कट्टा खदखदला असता. कुणी हसलं नाही. कवी म्हणाला, “सर, पोटाची सबब किती दिवस सांगणार? सवयीनं सगळं पचतं. मुळात मनातून शुद्ध व्हायला पाहिजे.” सुभेदार म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी पैलवानाकडे पाहिलं. दहावीच्या गणितात दोनदा आपटलेल्या या पैलवानाला याच मित्रानं आपल्या घरी बसवून, एक पैसा न घेता, पार नेलं होतं. पैलवान म्हशीच्या मागं वाकला होता. तिथूनच, तोंड न दाखवता, तो म्हणाला, “ज्याला शुद्ध चालत न्हाय त्यानं कट्ट्यावर बसू ने, असं ठरलंय सर. मी एकट्यानं न्हाय ठरवलं.”

मित्रानं कपातला चहा संपवला. कप गाडीवर नेऊन ठेवला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी तो दगड रिकामा होता. तिसऱ्या दिवशी तिथं टी-शर्टांचा गठ्ठा ठेवलेला होता.

मी सकाळीच त्याच्या घरी थडकलो. तो खिडकीत बसून जुनी गणितं सोडवत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“चल की मर्दा,” मी म्हणालो, “खुळी माणसं हायत, दोन दिवसांत इसरतील.”

“खुळी हायत हे मला ठावं हाय,” तो म्हणाला. “पर तू बस. तुला एक सांगतो.”

आणि मग त्यानं जे सांगितलं ते आमच्या एवढ्या वर्षांच्या मैत्रीत मला माहीत नव्हतं. त्याच्या आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, हे मला ठाऊक होतं. पण त्यानंतरही, तो लहान असताना, त्यांच्या शिरोळकडच्या गावातल्या हॉटेलात त्याच्या वडिलांचा कप आत नसायचा. तो बाहेरच्या भिंतीत एका खुंटीला अडकवलेला असायचा. वडील खुंटीवरचा कप घ्यायचे, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा, उभ्यानं प्यायचा, स्वतः विसळायचा आणि परत खुंटीला. आजीनं एक म्हैस पाळली होती. दूध भरपूर, पण गावात कुणी घेईना. बाटेल म्हणून.

“मग ते सगळं दूध आमीच प्यायचो. लई प्यालो,” तो म्हणाला. “तवाच कोटा संपला असंल बग.” तो हसला, मला हसू येईना. “पोटात कळ दुधानं येतीच. पर ‘शुद्ध’ म्हटलं की तेच्या आधी येती. आणि गंमत बग. ह्याच कोल्हापुरात राजा आमच्यातल्या माणसाच्या हॉटेलात जाऊन सगळ्यांदेखत च्या प्याला. ती गोष्ट तू पोरांस्नी शिकवत हुतास न्हवं? च्यानं आमाला माणसात आणलं. आता हे दुधानं भाईर काढाय लागल्यात.”

मला पैलवानाचा, कवीचा, सगळ्यांचा असा संताप आला की हातातली छत्री मी त्याच्या टेबलावर आपटली. त्यांना हे काही माहीत नाही, या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. माहीत असून कुणी वाईट वागलं तर त्याच्याशी भांडता तरी येतं.

“रविवारी आपण दोघं समोरच्या गाडीवर बसायचं,” मी म्हणालो. “रस्ता काय त्यांच्या बापाचा न्हाय.”

“तमाशा बघायला येतो,” तो म्हणाला. “पर कट्ट्यावर पाय ठेवणार न्हाय.”

रविवारी पेठ लोटली होती. कमान, फ्लेक्स, हलगी, वर भिरभिरणारा ड्रोन. राधानगरीहून शेठचे पाहुणे आले होते, मलकापूरहून माझा मेहुणासुद्धा आला होता, त्याला वाटलं म्हशींचं प्रदर्शन आहे. दलाचे जवान धुतलेल्या टी-शर्टात ओळीनं उभे. आम्ही दोघं समोरच्या बाकड्यावर चहा घेऊन बसलो होतो. कवीनं बुलेट सुरू केली, सुभेदारांनी शिट्टी मारली, आणि पैलवान पहिल्या गिलासाची धार काढायला थोरल्या म्हशीखाली बसला.

त्यानं आचळाला हात लावला. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पांढराशुभ्र टी-शर्ट, सेंटचा वास, डोक्याला पांढरी पट्टी. मग तिनं मागचा पाय उचलून बादली सरळ शेठच्या पाहुण्यांच्या दिशेनं पाठवली.

हलगी थांबली. पैलवानानं पुन्हा प्रयत्न केला. थेंब नाही. म्हशीनं पान्हा चोरला होता. दुसऱ्या म्हशीकडे गेला, तिनंही चोरला. तिसरी तर खालीच बसली. सुभेदारांनी ‘सावधान!’ असा आवाज दिला, तो म्हशीला की जवानांना हे कळलं नाही, पण जवान ताठ झाले आणि म्हैस रवंथ करत राहिली. हात वर, गिलास रिकामे. कॉम्रेड म्हणाले, “संप केला वाटतं,” आणि त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता.

“पातळ कुठं हाय माजं?” पैलवान हलक्या आवाजात म्हणाला. हलक्या म्हणजे चौकापर्यंत ऐकू गेला.

खुंटी रिकामी होती. सुभेदारांनी सकाळी गबाळं म्हणून ते पातळ काढून पैलवानाच्या घरी पाठवलं होतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत पैलवानाची बायको आली. खांद्यावर ते हिरवं पातळ. तिनं जवानांच्या ओळीकडे पाहिलं, ड्रोनकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे. “सकाळच्याला धार म्या काढतो. म्हस वळखती ती मला. माजं पातळ पांगरून बसल्याबिगर तुमाला कवा दूध दिलंय का तिनं? आणि शर्टं घालून बसल्यात! घ्या.” तिनं ते त्याच्या डोक्यावर टाकलं.

एवढी वर्षं ज्याला आम्ही फडक्याला घेतलेलं जुनेर समजत होतो ते त्याच्या बायकोचं पातळ होतं. कोल्हापूरला पौरुषाचा धडा द्यायला निघालेला पैलवान सगळ्या पेठेसमोर, ड्रोनसमोर, डोक्यावरून पदर घेऊन म्हशीखाली बसला. म्हशीनं एकदा हुंगलं आणि धार सुरू झाली.

आधी कॉम्रेड हसले. मग शेठचे पाहुणे, मग शेठ, मग सगळा चौक. सुभेदार तोंड फिरवून खोकत होते. माझ्या मित्राच्या नाकातून चहा बाहेर आला आणि त्याचा सदरा खराब झाला. पैलवान पदराखालून ओरडला, “हसा, हसा! पर फेस बगा किती आलाय!” आणि तो स्वतःही गदगदा हलायला लागला. अशी चळवळ पुन्हा उभी राहणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत घरोघरी चहा उकळला आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे निवळले होते.

त्या संध्याकाळी पैलवान स्वतः मित्राच्या घरी गेला. काय बोलला ते मला माहीत नाही, पण त्याला घेऊनच परतला. दगडावरचा गठ्ठा उचलून म्हशीखाली पसरला, दगड हातानं झाडला आणि म्हणाला, “बसा सर. च्या सांगू?”

“सांगा,” मित्र म्हणाला आणि पिशवीतून एक कप काढला. घरचा, पांढरा, निळ्या काठाचा. “गाडीवरचे कागदी कप तब्येतीला वाईट असतात म्हणं.”

तेव्हापासून तो रोज येतो, रोज हसतो, आणि रोज स्वतःचा कप घेऊन येतो. सगळ्यांना ते पटलं. कवीनं प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर कविताही केली. मी एकदा त्याला विचारायला गेलो, पण त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मॅचचा स्कोअर विचारला.

परवा त्याचा चहा झाला. पैलवानानं प्रेमानं त्याच्या हातातला कप घेतला, स्वतः बादलीतल्या पाण्यानं स्वच्छ विसळला, आणि म्हणाला, “सर, रोज ने-आण कशाला करताय? हितं खुंटीला अडकवून ठिवतो की. तुमचा कप तुमच्या जाग्याला.”

त्याच्या मनात काही नव्हतं. देवाशप्पथ सांगतो, काही नव्हतं. हात उंच करून तो कप खुंटीपर्यंत नेलाही होता. मित्र त्या खुंटीकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“नको पैलवान,” तो म्हणाला. “घरीच बरा.” कप रुमालात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि उठला.

काल सकाळी, म्हशी यायच्या आधी, मी कट्ट्यावर गेलो आणि ती खुंटी उपटायला लागलो. वाटलं होतं दोन हिसक्यांत निघेल. घरी जाऊन पक्कड आणि हातोडा आणावा लागला. भिंतीचा पोपडा पडला, माझं बोट सोललं, तेव्हा कुठं ती निघाली. हातभर आत गेली होती.

संध्याकाळी पैलवान भिंतीतल्या भोकात बोट घालून विचारत होता, “आयला, खुंटी कुटं गेली? सर, दावं कशाला अडकवू आता मी?”

“म्हशीनं खाल्ली असंल,” मी म्हणालो, आणि दोन चहा सांगितले. एक मित्राला आणि एक मला.